गणित ऑनलाइन ग्रुपमध्ये शिकवायचंय पण पोरं बोलतच नाहीत, काय करावं? – सविस्तर उत्तर

सर, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही लिहिलंय की बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर बीएस्सी फर्स्ट इयरला मॅथ्स शिकवता, वर्गात चाळीसेक लेकरं आहेत, गूगल मीटवर बोलावलं तर दहाबारा येतात, कॅमेरा बंद, माईक बंद, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पीडीएफ टाकली की नुसते अंगठे येतात, आणि ग्रुपला मिळून असाइनमेंट दिली की एक जण सोडवतो न् बाकीचे उतरवून काढतात. आणि शेवटी विचारलंय की कोणतं ॲप वापरू.

ॲपचं मी सगळ्यात शेवटी सांगते, कारण तुमची अडचण ॲपची नाहीच. तुमच्या लेकरांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही हातात दिलेलंच नाही ही खरी अडचण आहे. 'एक्सरसाइज ३.२ मधली पहिली दहा गणितं ग्रुपनी सोडवा' म्हटलं तर त्यात चौघांनी मिळून बोलायचं काय? ज्याला येतं तो करतो, ज्याला येत नाही तो गप बसतो. न येणारा गप बसतो ते आळशीपणानं नाही, बारावीपर्यंत मराठीतून शिकून आलेलं लेकरू असतं, इंग्रजीतलं पुस्तक पहिल्यांदा हातात आलेलं असतं, आणि सगळ्यांसमोर चुकीचं लिहायची लाज वाटते. म्हणून माझ्या अनुभवातून एकच गोष्ट ठासून सांगते, गणितात ग्रुपनं शिकणं तेव्हाच होतं जेव्हा लेकरांचं अर्धवट, चुकलेलं, खोडलेलं काम एकमेकांना दिसतं. बाकी ग्रुप कसे पाडायचे, प्रश्न कसा काढायचा, मार्क कसे द्यायचे हे सगळं त्या एका गोष्टीसाठी जुळवून घ्यायचं.

आधी परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बोलू, कारण मी नांदेडकडं ग्रामीण भागात शिकवते आणि तुमच्याकडं सगळं असंच असेल असं नाही. किती जणांकडं स्वतःचा मोबाइल आहे आणि किती जणांचा मोबाइल दिवसभर भावाकडं किंवा वडलांकडं असतो, हे आधी विचारून घ्या, आणि वर्गात हात वर करायला लावून नका विचारू, चिठ्ठीवर लिहून घ्या. गावात रेंज कुठं येते, लाईट कधी असते तेही त्याच चिठ्ठीवर. मग हंगाम बघा, सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला आपली निम्मी लेकरं रानात असतात, आणि बीडकडं तर दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या लेकरावर घर, जनावरं, धाकटी भावंडं सगळं येतं. त्या दिवसांत 'रात्री आठला सगळ्यांनी ऑनलाइन या' म्हणणं म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच बाहेर ठेवणं. आणि तुम्ही तासिका तत्त्वावर आहात म्हणजे इंटर्नलचे मार्क कशाला द्यायचे हे कदाचित तुमच्या हातात नसेल, तेव्हा विभागप्रमुखांशी आधीच बोलून घ्या, त्याचा संबंध पुढं येतोय.

या सगळ्यामुळं माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडं मीटवरचा लाइव्ह तास कमीत कमी ठेवावा. व्याख्या, थिअरमचा पहिला परिचय, एखादी पद्धत फळ्यावर करून दाखवणं, हे वर्गातच करा, ते ऑनलाइन ग्रुपवर टाकून होत नाही. ग्रुपचं काम लेखी आणि सावकाश चालू द्या, सोमवारी प्रश्न, शनिवारपर्यंत चर्चा, ज्याला ज्या वेळी मोबाइल मिळेल त्या वेळी त्यानं वाचावं न् लिहावं. गणिताला हे उलट चांगलंच आहे. तोंडी चर्चेत हुशार पोरगा पाच सेकंदात उत्तर सांगून मोकळा होतो आणि बाकीच्यांचा विचार तिथंच बंद पडतो. लेखी चर्चेत जिला वेळ लागतो तिला तो मिळतो.

आता मोबाइलवर गणित टाइप करायचं म्हणजे वैताग असतो, घात, वर्गमूळ, इंटिग्रल कुठून आणायचे. त्याला साधा उपाय, टाइप करायचंच नाही. वहीच्या पानाचा फोटो काढायचा आणि सोबत मराठीत एक व्हॉइस नोट टाकायची, 'मी इथपर्यंत आले, पुढं सुचंना'. फोटो कच्च्या पानाचा पाहिजे, फेअर केलेल्या पानाचा नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. फेअर पानावर फक्त शेवट दिसतो, खाडाखोड केलेल्या पानावर विचार कुठं वळला ते दिसतं, आणि दुसऱ्याला बोट ठेवायला तीच जागा लागते. सुरुवातीला लेकरं लाजतात. मी स्वतः एखादं गणित सोडवतानाचं माझं कच्चं पान, खोडलेलं, बाण काढलेलं, तसंच ग्रुपवर टाकते, मग त्यांची भीड चेपते.

ग्रुप चौघांचा. तिघांत एक जण आजारी पडला की दोनच उरतात आणि सहा जणांत दोघं लपून राहतात. हुशार न् कमकुवत अशी मोजून सरमिसळ मी करत नाही, कारण मग हुशाराला शिकवायचं काम लागतं आणि बाकीचे ऐकायच्या भूमिकेत जातात. एकाच एसटीनं येणारी, जवळपासच्या गावांची किंवा तांड्यावरची लेकरं एका ग्रुपमध्ये ठेवली तर ज्याचा मोबाइल बंद आहे त्याचंही पान दुसऱ्याच्या मोबाइलवरून टाकता येतं, हा मोठा फायदा. आणखी एक गोष्ट जी कुणी लिहीत नाही, मुलींचा नंबर मुलांच्या ग्रुपवर दिसतो म्हणून कितीतरी घरांतून विरोध असतो, आणि मुलगी ते तुम्हाला सांगत नाही, ती फक्त गप राहते. तुम्हाला वाटतं तिला रस नाही. कुणा मॅडमकडून मुलींना आधी विचारून घ्या, हवा असेल तर मुलींचा वेगळा ग्रुप करा, नाहीतर गूगल क्लासरूम वापरा, तिथं नंबर दिसत नाही, टेलिग्रामवरही सेटिंगमध्ये नंबर लपवता येतो. तीन मुलं आणि एकटी मुलगी असा ग्रुप तर करूच नका.

पहिल्या आठवड्यात सिलॅबसमधलं काही देऊ नका, आपले कापरेकर गुरुजी घ्या. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, चार अंकी संख्येवर खालची कृती करत गेलं की येणारा त्यांचा ६१७४ हा आकडा जगभर माहीत आहे, पण मी तीन अंकांचं देते. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर परत तेच. प्रत्येकानं स्वतःच्या तीन संख्या घ्यायच्या आणि फोटो टाकायचे. सगळे ४९५ वर येतात. मग कुणीतरी २११ घेतं, २११ मधून ११२ गेले ९९, आणि म्हणतं माझं तर ९९ उणे ९९ शून्य आलं, तुमचं खोटंय. इथं ग्रुप जागा होतो. दुसरं कुणी म्हणतं ९९ नाही, ०९९ लिही, मग ९९० उणे ०९९ बरोबर ८९१, पुढं ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. शून्य धरायचं की नाही हा वाद लेकरं इतक्या हिरिरीनं घालतात की बघत राहावं! त्यानंतर मी एवढंच विचारते, 'सगळ्याच संख्या तपासायच्या का, थोड्यात भागेल?' अंक ए, बी, सी धरून मांडलं की वजाबाकी ९९ गुणिले (ए उणे सी) येते, बी उडून जातो, म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त नऊच उत्तरं शक्य आहेत, ९९ पासून ८९१ पर्यंत. नऊ चौघांत वाटून घेतली की झालं सिद्ध. पहिल्याच आठवड्यात लेकरांनी मिळून एक पूर्ण प्रूफ केलेलं असतं, आणि तेही 'प्रूफ' या शब्दाला न घाबरता.

आता सिलॅबसमधलं एक उदाहरण खोलात सांगते, म्हणजे प्रश्न कसा काढायचा ते लक्षात येईल. इन्फिनिट सिरीजचा चॅप्टर. 'सिग्मा १/एन डायव्हर्ज होते हे सिद्ध करा' (म्हणजे १ + १/२ + १/३ अशी बेरीज कुठंच न थांबता वाढत जाते) असं दिलं तर पुस्तकातून उतरवून येतं. मी असं देते, 'एका विद्यार्थ्याचं म्हणणं आहे की १ + १/२ + १/३ + १/४ अशा बेरजेत टर्म लहान लहान होत शून्याकडं जाते, म्हणून बेरीज कुठंतरी थांबणारच. तुम्हाला पटतं का? प्रत्येकानं आधी स्वतःचं मत एका ओळीत लिहा, मग एकमेकांचं वाचा.' बहुतेकांना पटतं. पटलंच पाहिजे, ते विधान दिसतंच तसं खरं. मग कुणीतरी गूगल शीट्सवर बेरीज करतं. १० टर्मची २.९२९, १०० टर्मची ५.१८७, १००० टर्मची ७.४८५. एक म्हणतो 'बघा, किती हळू वाढायलीय, थांबायलीय ती'. दुसरी म्हणते 'हळू वाढणं म्हणजे थांबणं नव्हं'. इथं शिक्षकानं तोंड उघडायचं नाही. फार फार तर विचारायचं, १०,००० टर्म घेतल्या तर? ९.७८८ येतं. आता ज्या लेकराची आकड्यांवर नजर असते ते म्हणतं, दर वेळी दहापट केलं की जवळपास २.३ च वाढतंय, कमी होईना. झालं, थांबणार असती तर ही वाढ कमी कमी व्हायला हवी होती. नुसत्या आकड्यांनी सिद्ध होत नाही हे त्यांना कळतं, पण शंका आलेली असते आणि शंका आल्यावरच प्रूफची गरज वाटते. बेरीज २० च्या वर न्यायला २७ कोटींच्या वर टर्म लागतात, म्हणजे कॅल्क्युलेटर इथं हात टेकतो, हेही मी तेव्हा सांगते. मग इशारा द्यायचा, '१/३ आणि १/४ ची बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? १/५ ते १/८ ची?' एवढ्यावर बहुतेक ग्रुप स्वतः पोचतात की अर्ध्यापेक्षा मोठे गठ्ठे कितीही करता येतात. हीच युक्ती चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच माणसानं वापरली होती, हे शेवटी सांगितलं की लेकरांचे चेहरे बघा. या एका प्रश्नानंतर 'टर्म शून्याकडं गेली म्हणून सिरीज कन्व्हर्ज', म्हणजे बेरीज एका आकड्याशी थांबते, ही चूक पेपरात फार कमी दिसते, कारण ते स्वतः त्या बाजूनं भांडलेले असतात.

म्हणजे चांगला प्रश्न तो, ज्यात मत मांडता येतं, चूक शक्य असते आणि काम नुसतं वाटून घेऊन संपत नाही. माझ्याकडं आणखी दोन प्रकार चालतात. एक, स्वतःचं उदाहरण तयार करा. 'प्रत्येकानं ३×३ ची अशी मॅट्रिक्स बनवा की जिची रँक (स्वतंत्र रोंची संख्या) २ आहे पण एकही एन्ट्री शून्य नाही, आणि शेजाऱ्याची रँक खरंच २ आहे का ते तपासा.' चौघांच्या चार वेगळ्या मॅट्रिक्स, कॉपी करायला जागाच नाही, आणि बनवताना आपोआप कळतं की एकमेकींच्या पटीत नसलेल्या दोन रोंची बेरीज तिसरी रो केली की काम होतं. दुसरा, चूक शोधा. 'एक्स स्क्वेअर म्हणजे एक्स हा एक्स वेळा मिळवलेला, प्रत्येक एक्सचं डेरिव्हेटिव्ह १, म्हणून बेरीज एक्स. पण आपण तर २एक्स शिकलो. चूक कुठं?' यावर आठवडाभर चर्चा टिकते, आणि एक्स हा पूर्णांक नसेल तर 'एक्स वेळा' ला अर्थच काय, आणि टर्मची संख्याच एक्सबरोबर बदलते, हे दोन्ही मुद्दे वेगवेगळ्या लेकरांकडून येतात. बाकी इंटिग्रेशनच्या पद्धती, एलएच (लॉपिटल) रूल असल्या सरावाच्या गोष्टी मी ग्रुपला देत नाही, तो सराव ज्याचा त्यानंच करायचा असतो.

तुमचं काम काय? कमी बोलणं. कुणी अडकलं की लगेच उत्तर टाकलंत तर पुढच्या वेळेपासून सगळे तुमच्या उत्तराचीच वाट बघणार. मी पहिला दिवस काहीच लिहीत नाही, नंतर लिहिलं तरी प्रश्नच लिहिते. दहा ग्रुपचे सगळे मेसेज वाचणं तुमच्यानंही होणार नाही न् माझ्यानंही होत नाही, म्हणून प्रत्येक ग्रुपनं शुक्रवारी एकच पोस्ट करायची, एक कच्चं पान आणि एक वाक्य, 'आम्ही इथं अडकलो' किंवा 'आमचं इथं पटलं नाही'. तेवढं वाचून सोमवारच्या तासाची पहिली पंधरावीस मिनिटं त्यावर घ्या. हा दुवा तुटला तर ऑनलाइन काम दोन आठवड्यांत विझतं. आपण लिहिलेलं सरांनी वाचलं आणि फळ्यावर आलं, हे दिसलं पाहिजे.

कॉपीचं आणि आता चॅटजीपीटीचं. फोटो काढला की पूर्ण उत्तर मिळतं, हे लेकरांना माहीत आहे, बंदी घालून उपयोग नाही. मी उत्तराला मार्कच देत नाही. सोमवारी ग्रुपमधल्या कुणा एकाचं नाव चिठ्ठी टाकून काढते, तो फळ्याजवळ येऊन ग्रुपचं काम समजावतो, मराठीत, वही न बघता, आणि त्याला जे मार्क तेच चौघांना. त्यामुळं शनिवारी रात्री ग्रुपमधली लेकरंच एकमेकांना फोन करतात की 'तुला समजलं का, उद्या-परवा तुझं नाव निघालं तर?' पण हे मार्क थोडेच ठेवा, कारण दुसऱ्याच्या न येण्याची शिक्षा लेकराला मोठी बसू नये, बाकी इंटर्नल ज्याचं त्याचं स्वतंत्र. विभागप्रमुखांशी आधी बोला म्हटलं ते यासाठी. आणि जे लेकरू घाबरून फळ्याजवळ बोलूच शकत नाही त्याला व्हॉइस नोटवर समजावायची मुभा द्या.

कॉलेजात कुणी म्हणालं की गणित एकट्यानं बसून करायची गोष्ट आहे, तर त्यांना दोन गोष्टी सांगा. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कली विद्यापीठात गणित शिकवणारे युरी ट्राइसमन यांनी बघितलं की कॅल्क्युलसमध्ये मागं पडणारी कृष्णवर्णीय लेकरं मेहनत भरपूर करत होती पण एकेकटी, आणि पुढं असणारी चिनी वंशाची लेकरं स्वतः अभ्यास करून मग एकत्र बसून एकमेकांचं तपासत होती. त्यांनी कच्च्या लेकरांना सोपं देण्याऐवजी अवघड प्रश्न देऊन ग्रुपमध्ये बसवलं आणि निकाल सुधारले. हे 'अवघड' महत्त्वाचं आहे, आपली लेकरं कच्ची म्हणून सोपं देत गेलो तर बोलायला काही उरतच नाही. दुसरं, फील्ड्स मेडल हा गणितातला मोठा सन्मान मिळालेले टिमोथी गॉवर्स यांनी २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर एक अवघड प्रश्न उघडा टाकला, ज्याला जे सुचेल ते अर्धवट असलं तरी लिहा म्हणाले, आणि अनेकांनी मिळून थोड्याच आठवड्यांत तो सोडवला, पेपर 'पॉलिमॅथ' या सामूहिक नावानं आला. एवढी मोठी माणसं अर्धवट विचार चारचौघांत लिहू शकतात, हे मी लेकरांनाही सांगते. २०१४ साली सायन्स, इंजिनिअरिंग आणि मॅथ्समधले २२५ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापासाचं प्रमाण सरासरी ३४ टक्के आणि विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के निघालं होतं. ते अभ्यास ऑनलाइन ग्रुपचे नाहीत, प्रत्यक्ष वर्गातले आहेत, तेव्हा प्राचार्यांपुढं तेवढंच सांगा.

आता ॲप. लेकरांकडं जे आधीच आहे तेच. व्हॉट्सॲप किंवा क्लासरूम, फोटो आणि व्हॉइस नोट, बस. सोबत आलेख काढायचं जिओजेब्रा घ्या, फुकट आहे आणि मोबाइलवर चालतं. साइन एक्सच्या आलेखाशेजारी टेलर पॉलिनोमिअल (त्या आलेखाशी जवळून जुळणारी बहुपदी) काढायला द्या, ग्रुपमधल्या एकानं डिग्री १, दुसऱ्यानं ३, तिसऱ्यानं ५, चौथ्यानं ७, चारही स्क्रीनशॉट एकत्र ठेवले की कोणता कुठपर्यंत चिकटतो ते समोर दिसतं. एकाच कंपनीच्या एखाद्या खास साधनावर सगळा डोलारा उभा करू नका, गूगलचा जॅमबोर्ड कितीतरी शिक्षक वापरत होते, तो २०२४ च्या शेवटी बंद झाला. वहीचं पान बंद होत नाही.

एक महिना करून बघा, पहिला आठवडा ४९५ चा, मग एक मॅट्रिक्सचा, एक चूक शोधायचा, आणि चौथा तुमच्या चालू चॅप्टरवरचा. पहिल्या दोन आठवड्यांत शांतता असेल, त्यावरून मोडीत काढू नका. आणि तुमचा सध्या कोणता चॅप्टर चालू आहे, मोबाइलच्या चिठ्ठ्यांत काय निघालं, ते इथंच खाली लिहा, त्या चॅप्टरवरचे दोनतीन प्रश्न मी काढून देते.